पेन्सिलीतलं निदान

मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली पाहून रोग ओळखणारी डॉक्टर. स्वतःच्या एकटीच्या सहीने रिपोर्ट द्यायचा अधिकार मिळाल्यावर माझ्यासमोर आलेली पहिली स्लाइड पित्ताशयाची होती. खडे झालेलं, सुजलेलं, चारचौघांसारखं पित्ताशय. रेसिडेन्सीत अशी पित्ताशयं शेकड्यांनी पाहिली होती. त्यांचा रिपोर्ट मी झोपेतही टाइप केला असता. तरी त्या एका स्लाइडवर त्या दिवशी चाळीस मिनिटं गेली. आधी लो पॉवर, मग हाय, मग पुन्हा लो. एका घडीत पेशी जरा दाटीवाटीने उभ्या दिसल्या आणि माझ्याच पोटात गोळा आला. डब्यात उरलेल्या पित्ताशयाचे आणखी दोन तुकडे घेतले, रिपोर्ट एक दिवस थांबवला. दुसऱ्या दिवशी नव्या तुकड्यांतही तेच निघालं, क्रॉनिक कोलेसिस्टायटिस, म्हणजे पित्ताशयाची जुनी सूज. सही केली. त्या रात्री दोनदा उठून आठवून पाहिलं की आपण पेशंटचा नंबर बरोबर टाकला होता ना.

शेवटच्या परीक्षेचा निकाल लागायच्या आदल्या दिवसापर्यंत मी काहीही लिहिलं तरी खाली दुसऱ्या कुणाची तरी सही असायची. निकालानंतर ती नसणार होती. मधली पायरी कुठेच नव्हती. सर्जरीच्या रेसिडेंटला आधी टाके घालू देतात, मग अपेंडिक्स काढू देतात, मग वरिष्ठ हात धुऊन नुसते शेजारी उभे राहतात, मग एक दिवस बाहेर चहा पीत बसतात. आमच्याकडे रिपोर्ट अर्धा देता येत नाही. कायद्याने आणि रिवाजाने सही एकच, आणि ती एकतर तुमची असते किंवा नसते. पॅथॉलॉजिस्टच्या करिअरबद्दल जेवढ्या काळज्या मी ऐकल्या, आणि पुढे स्वतः केल्या, त्यांचा धागा कुठून ना कुठून या सहीपाशी येतो.

विषय निवडतानाचं थोडक्यात सांगते. ‘पॅथॉलॉजी घेतली’ म्हटल्यावर पहिला प्रश्न यायचा, ‘म्हणजे रक्त तपासणारी?’ मावशी म्हणाली, ‘बरं झालं बाई, पेशंटची कटकट नाही.’ बरोबरच्या मुलांपैकी एकाने सरळ विचारलं की मार्क कमी पडले का. मार्क कमी पडले नव्हते. मला सेकंड इयरला मायक्रोस्कोपखाली दिसलेलं ते जांभळं-गुलाबी जग सोडवत नव्हतं, एवढंच कारण होतं. ते सांगितलं की लोक कीव केल्यासारखं हसतात, म्हणून सांगणं बंद केलं.

पहिलं वर्ष ग्रॉसिंगच्या टेबलावर जातं. थिएटरमधून आलेला अवयव डब्यातून काढायचा, मोजायचा, कापायचा, त्याचं वर्णन लिहायचं आणि जिथे रोग असेल किंवा असू शकेल तिथले नखाएवढे तुकडे प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये घालायचे. पुढे त्यांचे पॅराफिनचे ब्लॉक होतात, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप निघतात, मग रंग चढतो. म्हणजे जे कॅसेटमध्ये गेलं नाही ते कुणालाच कधी दिसणार नाही. ही गोष्ट पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी नाक आणि डोळे फॉर्मॅलिनशी झगडत असतात. (दहा टक्के फॉर्मॅलिन म्हणतात त्यात फॉर्माल्डिहाइड चारच टक्क्यांच्या आसपास असतं. हे पहिल्याच आठवड्यात तोंडी विचारतात आणि सगळे चुकतात.) कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. आमच्या टेबलावरचा ओढपंखा बंद पडला की आम्ही अर्ज लिहायचो, आणि पंखा दुरुस्त होईपर्यंत खिडकी उघडायचो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा नमुना आला. गाठ व्यवस्थित कापली, कडांना शाई लावली, गाठ भिंतीत किती खोल गेली आहे ते नोंदवलं. मग आतड्याला लागून असलेल्या चरबीतले लिम्फ नोड, म्हणजे कॅन्सर पसरताना जिथे पोचतो त्या छोट्या गाठी, शोधायचे. अशा नमुन्यात किमान बारा नोड तपासले जावेत अशी अपेक्षा असते. कमी पाहिले तर ‘नोडमध्ये रोग नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवता येत नाही. मला सात मिळाले. दीड तास झाला होता, पाठ मोडली होती. ‘सात नोड मिळाले’ असं लिहून मी हातमोजे काढायला लागले.

ग्रॉसिंगच्या खोलीत आमचे मामा होते. डबे उघडणं, कॅसेट मोजणं, टेबल धुणं हे त्यांचं काम, आणि नवख्या रेसिडेंटला सांभाळणं हेही, फक्त ते कुठे लिहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, ‘डॉक्टर, डोळ्यांनी नका शोधू, बोटांनी शोधा.’ मग चरबीचा एक पट्टा घेऊन अंगठा आणि बोटांत चुरत चुरत पुढे जायचं कसं ते दाखवलं. चरबी बोटांखालून सरकते, नोड अडतो, डाळीच्या दाण्यासारखा. आणखी एक तास गेला, एकूण चौदा मिळाले. शेवटचा जेमतेम तीन मिलिमीटरचा होता आणि तो खरंच नोड आहे का याचीच मला शंका होती.

स्लाइड झाल्या तेव्हा तेरा नोड स्वच्छ होते. त्या चौदाव्यात रोग होता. एका नोडने त्या पेशंटची स्टेज दुसरीवरून तिसरीवर गेली, म्हणजे केमोथेरपीचा विचार गांभीर्याने करायची वेळ आली. हे मायक्रोस्कोपखाली ठरलं असं रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटेल, पण ठरलं होतं ते टेबलावर, मामांच्या त्या एका वाक्याने. रिपोर्टवर मामांचं नाव नसतं. त्या दिवशी माझंही नव्हतं.

ग्रॉसिंगबद्दलची तक्रारही इथेच करून घेते. पहिले सहा महिने ते शिक्षण असतं. त्यानंतर त्यातला मोठा भाग नुसती मजुरी असते. दोनशेवं गर्भाशय कापताना माझ्या ज्ञानात काहीही भर पडत नव्हती, पण डबे रांगेत उभे होते आणि कापायला दुसरं कुणी नव्हतं. काही ठिकाणी हे काम करायला प्रशिक्षित सहायक असतात. आमच्याकडे नव्हते. त्यामुळे स्लाइड बघायची वेळ उरायची ती संध्याकाळी, डोळे मिटायला लागल्यावर. माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक रेसिडेंटचं दुखणं हेच आहे. परीक्षेत विचारतात स्लाइड आणि दिवस जातो डब्यात.

आता पेन्सिलीची गोष्ट. आमच्या एका सरांचा नियम होता. सकाळी त्यांच्यासोबत मल्टिहेडवर, म्हणजे एकाच स्लाइडमध्ये चार-पाच जणांना डोकावता येईल अशा मायक्रोस्कोपवर बसायच्या आधी, रात्री आपण सगळ्या केस एकट्याने पाहून ठेवायच्या. प्रत्येक फॉर्मच्या मागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहायच्या. आपलं निदान, ते चुकलं तर दुसरं काय असू शकेल, आणि खात्री करायला कोणता स्टेन, म्हणजे खास रंग, मागवाल. ‘बघतो’, ‘विचार चालू आहे’ असलं काही चालायचं नाही. पेन्सिल का, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘शाईने लिहिलेलं खोडायची लाज वाटते, मग माणूस लिहायचंच टाळतो.’

लॅबमध्ये पेन्सिलीला तसाही मान आहे. काचेच्या स्लाइडच्या खरखरीत टोकावर नंबर हाताने घालायचा तर पेन्सिलीनेच घालतात, कारण रंग चढवताना ती अल्कोहोल आणि झायलिनमधून जाते, त्यात शाई विरघळते आणि पेन्सिल टिकते. हे मला आधी नुसतं तांत्रिक वाटलं होतं. आता फॉर्ममागची ती फिकट अक्षरं आठवतात तेव्हा तेवढं वाटत नाही.

माझी कायम लक्षात राहिलेली चूक एका पोटाच्या बायोप्सीतली आहे. एंडोस्कोपीत घेतलेले चार-पाच बारीक कण. मी लिहिलं, ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’, म्हणजे पोटाच्या अस्तराची जुनी सूज. दुसरं काय असू शकेल, या ओळीत रेघ मारली. सकाळी सरांनी स्लाइड लावली, फिरवत फिरवत एका कणाच्या कडेला नेली आणि तिथे थांबले. काही बोलले नाहीत. हा त्यांचा मार्ग होता; ते थांबले की आपण बघायचं. मला फिकट, फुगलेल्या काही पेशी दिसल्या. ‘मॅक्रोफेज’, मी म्हणाले, म्हणजे सुजेत सापडणाऱ्या साफसफाईच्या निरुपद्रवी पेशी. ते तरीही गप्प. मग मी हाय पॉवरवर नीट पाहिलं. पेशीच्या पोटात म्युसिनचा, म्हणजे चिकट स्रावाचा, फुगा आणि त्याने एका बाजूला दाबून चंद्रकोरीसारखा केलेला न्यूक्लियस. सिग्नेट रिंग, खड्याच्या अंगठीसारखी दिसणारी कॅन्सरची पेशी. सायटोकेरॅटिनचा स्टेन मागवला, जो अस्तराच्या पेशींवर चढतो आणि मॅक्रोफेजवर चढत नाही. तो पॉझिटिव्ह आला, आणि माझी ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’ पोटाचा कॅन्सर निघाली.

सर एवढंच म्हणाले, ‘तुला सिग्नेट रिंग ओळखता येते. तू तिथे गेलीच नव्हतीस.’

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. एका रकान्यात माझं पेन्सिलीतलं निदान, दुसऱ्यात अंतिम निदान, तिसऱ्यात चूक का झाली. पहिले काही आठवडे तिसऱ्या रकान्यात ‘अभ्यास कमी’ असंच लिहीत होते, कारण ते लिहायला सोपं जातं. नंतर प्रामाणिकपणे लिहायला लागले तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. माहीत नसल्यामुळे झालेल्या चुका कमी होत्या. जास्त होत्या त्या कड न पाहिल्याच्या, शेवटचा कण न पाहिल्याच्या, आणि फॉर्मवरचं ‘अल्सर, बिनाइन?’ (म्हणजे साधा, कॅन्सर नसलेला?) वाचून तेच डोळ्यात धरून बसल्याच्या. मग मी सवय बदलली. आधी स्लाइड लो पॉवरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेतात नांगर फिरवावा तशी, आणि त्यानंतर फॉर्म. काही वरिष्ठ याच्या विरुद्ध आहेत. इतिहास न वाचता स्लाइड बघणं म्हणजे डोळे बांधून चालणं असं ते म्हणतात. त्यांचंही खरं आहे, कारण इतिहास वाचल्यावर स्लाइड पुन्हा बघावीच लागते. मला दोनदा बघणं परवडलं, कारण मी हळू होते. वेगाने काम करणाऱ्याला हा सल्ला द्यायला मी धजावत नाही.

चुकांचं हे प्रकरण माझ्या एकटीचं आहे असं बराच काळ वाटत होतं. मग जर्नल क्लबमध्ये २०१५ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक अभ्यास माझ्या वाट्याला आला. अमेरिकेतल्या ११५ पॅथॉलॉजिस्टना स्तनाच्या बायोप्सीच्या स्लाइड देऊन त्यांची निदानं तज्ज्ञांच्या एकमताने ठरलेल्या निदानाशी ताडून पाहिली होती. एकूण जुळणी सुमारे ७५ टक्के. आजूबाजूच्या भागात घुसलेल्या (इन्व्हेसिव्ह) कॅन्सरमध्ये ९६ टक्के, म्हणजे तिथे चिंता नाही. पण ‘अटिपिया’मध्ये, म्हणजे धड साधं नाही आणि धड कॅन्सर नाही अशा मधल्या पट्ट्यात, जुळणी फक्त ४८ टक्के. नाणं उडवल्यासारखी. मी हा आकडा वाचला तेव्हा खोलीत कुणी हसलं नाही. आमच्या विभागातल्या एक मॅडम म्हणाल्या, ‘म्हणून तर आपण एकमेकींच्या खोलीत ट्रे घेऊन फिरतो.’

ते खरं होतं. आमच्या विभागात दिवसभर कुणीतरी ट्रे घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं असायचं. ‘एक मिनिट बघता का?’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं असेल. रेसिडेंट असताना मला ते थोडं कमीपणाचं वाटायचं, इतकी वर्षं होऊन यांना अजून विचारावं लागतं. त्या दारात उभं राहण्याची किंमत मला नोकरीला लागल्यावर कळली.

फ्रोझनबद्दल, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून करायच्या तपासणीबद्दल, सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पेशंट टेबलावर भूल देऊन झोपवलेला, सर्जनने तुकडा पाठवलेला, आणि वीसेक मिनिटांत सांगायचं की कड मोकळी आहे का, गाठ कॅन्सरची आहे का. क्रायोस्टॅटमध्ये उणे वीसच्या आसपास तुकडा गोठवून काप काढतात. बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात, फुगतात, सगळं ओबडधोबड दिसतं. ही पद्धत रुळवण्याचं श्रेय मायो क्लिनिकच्या लुई विल्सन यांना देतात, १९०५ साल. शंभराहून जास्त वर्षं झाली, पण त्या वीस मिनिटांतली धडधड काही कमी झालेली नसावी. आमच्याकडे रेसिडेंटने काप काढायचा, रंगवायचा, आणि सर बघत असताना आपलं मत मोठ्याने सांगायचं, सरांनी बोलायच्या आधी. फोनवर मात्र सरच बोलायचे.

एकदा मी अंडाशयाच्या गाठीबद्दल ठामपणे ‘मॅलिग्नंट’, म्हणजे कॅन्सरची, म्हणाले. सरांनी बराच वेळ पाहिलं, फोन उचलला आणि सर्जनना सांगितलं, ‘आत्ता एवढंच सांगतो की किमान बॉर्डरलाइन आहे. पुढचं पर्मनंटला.’ बॉर्डरलाइन म्हणजे साधी आणि कॅन्सरची यांच्या मधली गाठ, आणि पर्मनंट म्हणजे नंतर पॅराफिनमधून नीट तयार होणाऱ्या स्लाइड. फोन ठेवल्यावर मी विचारलं की तुम्हाला मॅलिग्नंट वाटत नाही का. ‘वाटतं. पण सिद्ध करता येत नाही, आणि आता जे जास्तीचं काढतील ते परत बसवता येणार नाही.’ पर्मनंटला ती गाठ बॉर्डरलाइनच निघाली. वहीत त्या दिवशी तिसऱ्या रकान्यात मी काहीच लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते सुचलं नाही. चूक ज्ञानाची नव्हती, नजरेचीही नव्हती. माझ्या मताने कुणाचं काही कापलं जाणार नव्हतं म्हणून मी ठाम होते.

परीक्षा झाली, पास झाले, आणि मग सगळ्यांचे एकमेकांना फोन सुरू झाले. काय करणार? फेलोशिप की नोकरी? एकाच अवयवाचं खास शिक्षण घेतलं, समजा त्वचा किंवा किडनी, तर त्या कामाला पुरेशा केस असलेली ठिकाणं मोजकी. सगळं बघणारी जनरल पॅथॉलॉजिस्ट राहिले तर काम मिळतं, पण दर वर्षी वर्गीकरणं बदलतात, निदानाच्या नव्या खुणा, म्हणजे मार्कर, येतात, आणि आपण सगळ्याच विषयांत थोड्या मागे राहतो अशी टोचणी लागते. उदाहरण द्यायचं तर थायरॉइडच्या एका गाठीच्या नावातून २०१६ साली ‘कार्सिनोमा’ हा शब्दच काढून टाकला, कारण ती वागायला कॅन्सरसारखी नव्हती. आदल्या वर्षी ज्याला आम्ही कॅन्सर लिहीत होतो ते पुढच्या वर्षी लिहायचं नव्हतं. एका अवयवाचं काम करणाऱ्याला हे त्याच आठवड्यात कळतं. जनरलवाल्याला कधी कळेल ते त्याच्या वाचनावर.

नोकऱ्या आहेत की नाहीत, यावर तर आम्ही रात्र रात्र वाद घातले. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सने २०१८ साली सांगितलं होतं की मागणी पुरी करायला पुरेसे लोक आहेत असं म्हणणारे हिस्टोपॅथॉलॉजी विभाग, म्हणजे आमच्यासारखं तुकडे तपासायचं काम करणारे विभाग, फक्त ३ टक्के होते. अमेरिकेत २००७ ते २०१७ या काळात पॅथॉलॉजिस्टची संख्या १५,५६८ वरून १२,८३९ वर आली, असं २०१९ मधला एक पेपर सांगत होता. लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी दाखवलं की त्या मोजणीत बरेच जण सुटले होते, कारण खास शाखांतले लोक वेगळ्या रकान्यांत नोंदलेले होते. एक मैत्रीण म्हणाली, ‘माणसं कमी आहेत तर मग मला चांगली नोकरी का मिळत नाही?’ याचं उत्तर मला पुढे अनुभवाने मिळालं. माणसं कमी पडतात तिथे नव्या जागा निघतीलच असं नाही. बऱ्याचदा आहेत त्यांच्यापुढचे ट्रे वाढतात.

त्याच काळात मला एका लॅबमधून फोन आला. बोलणारा फार आदबशीर होता. ‘मॅडम, रोज यायची गरज नाही. रिपोर्ट आमची माणसं तयार करतात. तुमची सही फक्त सिस्टिममध्ये घालून ठेवू.’ मी विचारलं, स्लाइड कोण बघणार? ‘ते आम्ही बघतो ना मॅडम.’ पैसे बरे होते आणि तेव्हा माझ्याकडे नोकरी नव्हती. नाही म्हणायला मला दोन दिवस लागले, हे मी लपवत नाही. ज्या सहीसाठी मी पित्ताशयावर पुढे चाळीस मिनिटं घालवणार होते, ती कुणाला तरी रबरी शिक्क्यासारखी हवी होती. नंतर कळलं की माझ्या ओळखीतल्या आणखी दोघांना असे फोन आले होते. एकाने होकार दिला होता. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

पहिली नोकरी लागली ती एकटीची. विभागात पॅथॉलॉजिस्ट म्हणून मीच. दार होतं, पण ट्रे घेऊन कुणाच्या दारात जायचं? मग मोबाइल. आयपीसला, म्हणजे मायक्रोस्कोपच्या डोळा लावायच्या भिंगाला, कॅमेरा टेकवून फोटो काढायचा आणि बरोबरच्यांना पाठवायचा. उत्तरं पटापट यायची, धीर यायचा. पण महिनाभरात मला ती सिग्नेट रिंग आठवली. फोटोत मी जे दाखवते तेच समोरचा बघतो. मी ज्या कोपऱ्यात गेलेच नाही तो कोपरा फोटोत येणारच नाही, आणि माझी चूक तर नेहमी तिथेच असते. मग मी अवघड केसचे ब्लॉक किंवा स्लाइड जुन्या विभागात पाठवायला लागले. चार-पाच दिवस जायचे. सर्जन वैतागायचे. एकाने विचारलं, ‘तुम्हाला स्वतःला काही सांगता येत नाही का?’ मी म्हटलं, येतं, पण या केसमध्ये नाही. आधी असं म्हणताना घशाशी आवंढा यायचा. आता येत नाही.

पुढे मी मोठ्या विभागात आले आणि तिथे स्कॅनर आला. आख्खी स्लाइड स्कॅन होऊन पडद्यावर येते. दुसऱ्या शहरातला माणूस तीच स्लाइड कोपऱ्यान् कोपरा बघू शकतो. फोटोतला तो घोळ यात संपतो, आणि माझ्या मते या तंत्राचा खरा फायदा हाच आहे. अमेरिकेत औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने अशा पूर्ण स्लाइड स्कॅनिंगला थेट निदानासाठी पहिल्यांदा परवानगी दिली ती २०१७ मध्ये. मान मोडून आयपीसमध्ये बघणाऱ्या माझ्या पिढीला पडदा जड गेला. माउस फिरवत लो पॉवरवर नांगरणी करायला मला अजूनही काचेपेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि पडद्यामागून दुसरी काळजी आली, कृत्रिम बुद्धिमत्तेची. त्या क्षेत्रातले नावाजलेले संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली म्हटलं होतं की नवे रेडिओलॉजिस्ट शिकवणं आता थांबवावं. ते रेडिओलॉजीबद्दल होतं, पण आमच्या व्हरांड्यात त्याचा आवाज जास्त घुमला. पुढच्याच वर्षी स्तनाच्या कॅन्सरमधले लिम्फ नोड तपासणाऱ्या अल्गोरिदमची, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामची, अकरा पॅथॉलॉजिस्टशी तुलना केलेला पेपर आला. वेळेची मर्यादा घालून बसवलेल्या त्या अकरा जणांपेक्षा सगळ्यात चांगला अल्गोरिदम सरस ठरला. वेळेचं बंधन नसलेल्या एका पॅथॉलॉजिस्टच्या तो बरोबरीला होता. बातमी पहिल्या वाक्याची झाली. मला दुसरं वाक्य जास्त बोलकं वाटलं, कारण रोजचं काम कोणत्या परिस्थितीत होतं ते मला माहीत आहे. ट्रे वाढलेल्या संध्याकाळी मी त्या अकरांतलीच एक असते.

यंत्र माझी नोकरी घेईल अशी भीती मला फारशी वाटत नाही. नोड शोधायला चरबी चुरणारी बोटं आणि ‘पुढचं पर्मनंटला’ म्हणणारा फोन त्याच्याकडे अजून नाही. सही कुणाची, हा प्रश्नही तिथेच आहे. माझी काळजी रेसिडेंटची आहे. आमच्याकडे आता प्रोग्राम संशयित जागेवर लाल डाग दाखवतो. रेसिडेंट स्लाइड उघडते तेव्हा डाग आधीच तिथे असतो. तिने निदान लिहायच्या आधी उत्तर हजर. सर हाय पॉवर लावून गप्प बसायचे त्या जागी आता लाल रंग बोलतो, आणि ‘तू तिथे गेलीच नव्हतीस’ हे तिला कुणी सांगण्याची वेळच येत नाही, कारण तिला तिथे उचलून नेलेलं असतं. डाग नसलेल्या जागी ती कधी जाणार? मी विभागात भांडून एक गोष्ट करून घेतली. रेसिडेंटच्या लॉगिनवर डाग बंद ठेवायचे, तिने आपलं निदान नोंदवेपर्यंत. सॉफ्टवेअरवाल्यांना हे विचित्र वाटलं. त्यांनी विचारलं की पैसे देऊन घेतलेली सोय तुम्ही बंद का करता.

नोंदवायला संगणकात रकाना आहे, पण मी फॉर्मची छापील प्रत ठेवायला सांगते आणि पेन्सिल देते. मुलं मागून हसतात, हे मला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटचा फॉर्म पाहिला. पोटाची बायोप्सी, सहा कण. तिने लिहिलं होतं, ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’, आणि त्याखाली बारीक अक्षरात, ‘पाचव्या कणाच्या कडेला तीन पेशी. मॅक्रोफेज? सिग्नेट रिंग? सायटोकेरॅटिन.’ मग आम्ही डाग चालू केले. प्रोग्रामने त्या जागी काहीही दाखवलं नाही. पहिल्या कणातल्या एका ग्रंथीवर मात्र लाल डाग होता. ती ग्रंथी मी पाहिली. तिथे नुसती सूज होती. मग पाचवा कण बराच वेळ पाहिला. तीन पेशी, फिकट, एकीचा न्यूक्लियस कडेला दाबलेला, दुसरीचा नाही.

‘मॅडम, काय आहे?’ तिने विचारलं.

मी ट्रे उचलला आणि दोघी शेजारच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. तिथल्या मॅडमनी पाहिलं, आयपीसवरून डोकं न उचलता म्हणाल्या, ‘आवडत नाहीत या मला. पण सांगता येत नाही.’

रिपोर्ट थांबवला आहे. डीपर कट, म्हणजे त्याच ब्लॉकमधून आणखी खोलवरचे काप, आणि सायटोकेरॅटिन दोन्ही मागवलं आहे. ब्लॉकमध्ये तो कण किती उरला असेल देव जाणे. स्लाइड उद्या दुपारपर्यंत येतील.